गाठीच्या आत

लोणारच्या काठावर उभं राहिलं की खाली हिरवट पाणी, पाण्याभोवती झाडी, झाडीत अर्धवट दडलेली देवळं, आणि वाऱ्यावर वर चढून येणारा खारा, उग्र वास. 1823 मध्ये अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं या विवराची नोंद केली, आणि पुढं दीडशे वर्षं माणसं काठावरूनच विचारत राहिली, हे जमिनीनं ओकलेलं की आभाळानं मारलेलं? मग कुणीतरी तळाच्या गाळातून थेट खालच्या फुटक्या खडकात भोकं पाडली, दगडाच्या बारीक कांड्या वर आल्या, आणि 1973 साली कळलं की त्या बेसाल्टातल्या काही स्फटिकांची आघातानं काच झालीय. न वितळता. बाहेरून आकार स्फटिकाचाच, आतली वीण तेवढी मोडलेली.

आत्याच्या छातीतल्या गाठीचा तुकडा घेतला, तेव्हा मला ती काच आठवली.

सुई लागली की गाठ पसरते, हे गावात सगळ्यांना ठाऊक असतं, आणि त्या ठाऊक असण्यापायीच कितीतरी गाठी पदराआड वाढत राहतात. सुईहून उशीर वाईट, हे कोण कुणाला सांगणार?

तुकडा मात्र आपल्या वाटेनं जातो. फॉर्मालिनमध्ये त्याचं नासणं थांबतं, मद्यार्कात पाणी निघून जातं, मेणाच्या वडीत तो स्थिरावतो, आणि मग पात्याखाली त्याचे तीन-चार मायक्रॉनचे पापुद्रे निघतात, इतके विरळ की रंगाशिवाय दिसूच नयेत. मेक्सिकोकडच्या एका झाडाच्या गाभ्यातला रंग पेशींची केंद्रकं निळी-जांभळी करतो. इओसिन बाकीचं सगळं रंगवतं, कपाशीचं फूल दुसऱ्या दिवशी धरतं तसं गुलाबी. त्या गुलाबी रानात कुणी अनोळखी डॉक्टर डोळा लावून बसतो आणि शोधतो, पेशी आपापल्या ओळीत आहेत का, की वीण कुठं उसवलीय.

आम्ही वाट पाहत होतो. आत्या तुरीच्या शेंगा सोलत होती.

"माहा तुकडा वापस भेटते का रे?"

म्हटलं, नाही, मेणात जपून ठेवतात. वर्षानुवर्षं. शंका आली तर तीच वडी परळला टाटात पाठवून पुन्हा दाखवता येते.

तिनं शेंग टाकली, हसली.

"म्हंजे मी मेहकरातच, अन् माहा तुकडा मुंबई पाहीन!"