मनसरच्या पुढे

मार्चअखेरीस नागपूरहून सिवनीला निघालो. मनसरपर्यंत राष्ट्रीय महामार्ग ४४ कुठल्याही चौपदरी रस्त्यासारखाच: ढाबे, ट्रक, टोल. पुढे पेंचचं रान लागलं. साग उघडाबोडका, मोहाखालचा पाचोळा फुलं वेचणाऱ्यांनी झाडून बाजूला केलेला.

देवलापारला चहा घेतला. त्या पट्ट्यात रस्ता मधूनमधून खांबांवर चढतो. पुलांवरून जंगल नीट दिसत नाही, म्हणून मी कुरकुरलो. ड्रायव्हर म्हणाला, "जनावर खालून जाते भाऊ, आपण वरून. दिसलं नाही तेच बरं."

हे पूल सुखासुखी झाले नाहीत. चौपदरीकरणाचा वाद वर्षानुवर्षं चालला, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेला. अखेर महाराष्ट्राच्या हद्दीत प्राण्यांसाठी ९ मार्ग झाले. सर्वांत लांब ७५० मीटरचा. भारतीय वन्यजीव संस्थेने २०१९ मध्ये तिथे कॅमेरे लावले, तेव्हा १८ जातींचे प्राणी टिपले गेले. वाघाची ये-जा ८९ वेळा. मी या पुलांबद्दल साशंक होतो. आकड्यांनी माझं तोंड बंद केलं.

पण वाघाचं काम पुलाखाली संपत नाही. दोनेक वर्षांचा नर आईपासून सुटला की नवं रान शोधत दूर निघतो. पेंच आणि कान्हा यांच्यातलं रान सलग आहे म्हणूनच दोन्हीकडच्या वाघांचं रक्त एकमेकांत मिसळत राहिलं, असं २०१३ च्या जनुकीय अभ्यासात दिसलं. रानाचा तुकडा एकटा पडला की जवळच्या नात्यातच वीण वाढते. शिवाय कडेने ऊन-वारा शिरतो, माती सुकते, घाणेरी माजते आणि चितळाचा चारा घटतो. वाघाला जागा असून शिकार नसेल, तर काय उपयोग?

खवासा ओलांडून कुरईचा घाट चढलो. घाटापलीकडे शेतं आणि वस्त्या वाढत गेल्या. कान्ह्याकडे जाणारं बरंच जंगल व्याघ्रप्रकल्पाबाहेरचं, गावांना लागून आहे. डुकरांपासून पीक वाचवायला कुंपणात सोडलेली वीज वाघाचाही जीव घेते. पीक गेल्यावर भरपाई वेळेत मिळाली, तर अशी तार ओढायची वेळ शेतकऱ्यावर कमी येईल. त्यावर मात्र पुलांइतकी चर्चा होत नाही.

पुढच्या रस्त्याच्या पहिल्याच नकाशात प्राण्यांची वाट आखलेली हवी. कोर्टात जाईपर्यंत थांबायचं कशाला?