नवोदयचा वर्ग

दिवाळीची सुट्टी संपली की आमच्या पाचवीच्या वर्गात आकृत्यांचं राज्य सुरू होतं. वेगळी आकृती ओळखा, आरशातली प्रतिमा शोधा, लपलेली आकृती दाखवा, घडी घालून भोक पाडलेला कागद उलगडल्यावर कसा दिसेल ते सांगा. उभी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळांत गेलेल्या माझ्यासारख्या बाईला या आकृत्या आता झोपेतसुद्धा दिसतात. स्कॉलरशिपची परीक्षा असतेच, पण तिची इयत्ता सरकार मनात येईल तशी चौथीची पाचवी करतं. नवोदय मात्र आपल्या जागी ठाम आहे: पाचवीत परीक्षा, सहावीत प्रवेश, आणि लागलाच नंबर तर बारावीपर्यंत पोराची काळजी मिटली.

सरकारनेच हुशार मुलं शोधावीत, त्यांना एकत्र ठेवावं आणि फुकट शिकवावं ही कल्पना 1986 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातली. त्याआधी वर्षभर प्रयोग म्हणून दोन शाळा निघाल्या, एक हरियाणात झज्जरला आणि दुसरी आपल्या अमरावतीला. राजीव गांधी स्वतः डून स्कूलमध्ये शिकलेले. तसली निवासी शाळा शेतकऱ्याच्या पोरालाही मिळावी, असा त्यामागचा विचार असल्याचं सांगतात. आज देशभरात साडेसहाशेच्या आसपास नवोदय विद्यालयं आहेत. आपल्याकडे टाकळी ढोकेश्वर, पलूस, कन्नड, सावंतवाडी, अगदी गडचिरोलीत घोटलासुद्धा. एका शाळेत सहावीला 80 जागा. त्यातल्या किमान पंच्याहत्तर टक्के ग्रामीण भागातल्या मुलांना, आणि एक तृतीयांश मुलींना. माझ्या मते या योजनेतली सगळ्यात शहाणपणाची ओळ हीच. ती नसती तर या 80 जागा जिल्ह्याच्या गावातल्या चार कॉलन्यांनी वाटून घेतल्या असत्या.

परीक्षा दोन तासांची, 80 प्रश्न, 100 गुण. निम्मे प्रश्न आकृत्यांचे, उरलेले गणिताचे आणि भाषेचे. आकृत्यांना एवढं वजन देण्यामागचं कारण साधं आहे. घरात पुस्तक नाही, बाप सही करतो तेवढीच अक्षरं गिरवतो, अशा मुलाची बुद्धी शब्दांत सापडणार नाही, आकृत्यांत सापडेल. हे बऱ्याच अंशी खरंही आहे. माझ्या वर्गात एक मुलगी होती, वाचताना अडखळायची, पाढे विसरायची. पण घडीच्या कागदाचा प्रश्न आला की माझं वाचून होण्याआधी तिचं उत्तर तयार. कसं येतं गं, म्हणून विचारलं तर तिलाच माझ्या प्रश्नाचं नवल वाटलं. तिची आई ब्लाउज शिवायची. कापड चौघडी करून गळा कापायचा, मग उलगडायचं, हे ती पाळण्यात असल्यापासून बघत आलेली. आरशातल्या प्रतिमेसाठी तर तिने स्वतःची युक्ती काढली होती. पान खिडकीकडे धरायचं आणि मागच्या बाजूने बघायचं. गाईडमध्ये याच प्रश्नासाठी पाऊण पान नियम दिलेले आहेत.

अशी बुद्धी शोधण्यासाठीच ही परीक्षा आहे, असं तेव्हा मनापासून वाटलं. पण मग तालुक्याची निकालाची यादी पुढ्यात येते. दरवर्षी तीच चार-पाच गावं. त्या गावांच्या पाण्यात काही वेगळं असतं का? नाही. तिथे एखादे गुरुजी असतात, जे पाच वाजता गाडीला किक मारत नाहीत. सकाळी जादा तास, संध्याकाळी जादा तास, रविवारी सराव पेपर, झेरॉक्सचे पैसे पदरचे. गुरुजींची बदली झाली की पुढच्या दोन-तीन वर्षांत त्या गावातली हुशारीही त्यांच्याबरोबर बदलून जाते. या परीक्षेत मुलांची जेवढी निवड होते तेवढीच तालुक्यातल्या मास्तरांचीही होते, असं मी आमच्या केंद्रप्रमुखांना एकदा म्हटलं. ते हसले आणि चहा मागवला.

अलीकडे गुरुजींच्या जोडीला अकॅडमीही आल्या आहेत. तालुक्याच्या स्टँडबाहेर ‘नवोदय, सैनिकी, स्कॉलरशिप’ असे फलक दिसतात. निवासी वर्गही आहेत, म्हणजे घराबाहेर राहायला लागणारी परीक्षा पास होण्यासाठी आधीच घराबाहेर राहायचं. ग्रामीण जागा मिळावी म्हणून मुलाचं नाव खेड्यातल्या शाळेत आणि मूल शहरात, हेही प्रकार कानावर येतात. चाळणी बारीक करावी तितके लोक चाळणीचा अभ्यास जास्त करतात. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळाप्रवेशासाठी मुलांची अशी चाळणी लावायला मनाई केली, नवोदयला मात्र त्यातून सूट मिळाली. सूट चुकीची आहे असं मी म्हणणार नाही. परीक्षा काढून टाकली तर त्या जागा ब्लाउज शिवणारीच्या मुलीपर्यंत पोचतील, अशी माझी तरी समजूत नाही.

नंबर लागला की गावात फ्लेक्स लागतो. वर नेत्यांचे हसरे चेहरे, खाली कोपऱ्यात पासपोर्टएवढं पोरगं. मग पेटी, कुलूप, बादली, मग, दोन चादरी यांची खरेदी. अकरा वर्षांचं लेकरू अरवली, निलगिरी, शिवालिक किंवा उदयगिरी यांपैकी एका हाऊसमध्ये जाऊन पडतं. पहिल्या महिन्यात काही जण रडून रडून परत येतात. गाव त्याला ‘पळून आला’ म्हणतं, जे मला कधीच आवडलं नाही. टिकतात त्यांचं मात्र सोनं होतं. नववीत गेल्यावर त्यांतल्या काहींना वर्षभर हिंदी मुलखातल्या नवोदयला पाठवतात आणि तिकडची मुलं इकडे येतात. आमच्या गावचा एक जण असाच जाऊन आला. त्याच्या आईला सगळ्यात मोठं अप्रूप याचं, की तो आता चपातीला रोटी म्हणतो आणि शेजारच्या ट्रकवाल्याशी बिनदिक्कत हिंदीत भांडतो.

पण मला खरं बोलायचं आहे ते न लागलेल्यांबद्दल. सहावीची ही परीक्षा मुलाला एकदाच देता येते. नापासांना पुन्हा बसता येत नाही. नववीला रिकाम्या जागांसाठी वेगळी परीक्षा असते, पण तोवर बहुतेकांनी नाद सोडलेला असतो. म्हणजे दहा वर्षांच्या मुलाला एका शनिवारच्या दोन तासांवरून कळतं की आपण ‘त्यातले’ नाही. ती ब्लाउजवाली मुलगी लागली नाही. आकृत्या तिने जवळजवळ सगळ्या सोडवल्या असणार, पण भाषेचे उतारे वाचतानाच तिचा वेळ संपला.

तरीही दिवाळी ते जानेवारी या दिवसांत माझ्या वर्गात जे घडतं ते बाकीच्या वर्षात घडत नाही. त्या दिवसांत मी पोरांना पाठ करायला सांगत नाही, ‘हेच उत्तर का?’ असं विचारते. चार पर्यायांतले तीन का चुकले यावर वर्गात भांडणं होतात. एरवी मागच्या बाकावर झोपणारा एकजण उठून फळ्यावर आकृती काढतो आणि पहिल्या नंबरच्या पोराला गप्प करतो. आलेला पालक मुलाचं दप्तर बघण्याऐवजी डोकं कसं चालतं ते विचारतो. अख्खा वर्ग हुशार आहे असं धरून शिकवण्याचे हे एवढेच दिवस. फेब्रुवारी आला की गाईडं कपाटात जातात आणि आम्ही पुन्हा ‘रिकाम्या जागा भरा’ वर येतो. ज्या मुलांसाठी हा खटाटोप, त्यांतलं एखादंच जातं. बाकीच्यांना आपण असेही शिकू शकतो हे दोन-अडीच महिने कळतं आणि मग शाळा ते विसरायला लावते.

धोरणात आणखी एक गोष्ट होती, तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. नवोदयने जिल्ह्यातल्या इतर शाळांना पुढे ओढावं, आपल्याकडचं चांगलं शिकवणं त्यांच्यापर्यंत न्यावं, अशी अपेक्षा होती. सरकारने हुशार मुलं गोळा करण्याला माझा आक्षेप नाही. आक्षेप आहे तो हुशारीचं शिकवणं कुंपणाच्या आत आणि परीक्षेच्या महिन्यांतच ठेवण्याला. आकृत्यांचा तास तिसरीपासून, सगळ्यांसाठी, कुठल्याही निकालाशिवाय का घ्यायचा नाही, याचं उत्तर मला अजून कोणी दिलेलं नाही. वेळापत्रकात बसत नाही, एवढंच सांगतात.

म्हणून यंदा मी ते न विचारताच बसवलं. शनिवारी परिपाठानंतर पाऊण तास, तिसरी-चौथी-पाचवी एकत्र. पहिल्याच आठवड्यात एका वडिलांनी फाटकातून विचारलं, “बाई, तिसरीच्या पोरांना नवोदय कशाला? अजून दोन वर्षं आहेत की.” नवोदयसाठी नाही म्हटल्यावर ते जास्तच गोंधळले. “मग कशासाठी?” मी त्यांना आत बोलावलं, मुलाशेजारी बसवलं आणि कागदाची चौघडी करून हातात कात्री दिली.