ताडपत्रीची घडी

छत्रीवर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. छत्री हरवते, बदलते, वाऱ्याने उलटी होते. त्यामुळे लेखकमंडळींना ती फार प्रिय. ताडपत्रीच्या वाट्याला हे भाग्य आलेले नाही. ती हरवण्याइतकी लहान नाही आणि मिरवण्याइतकी देखणी तर मुळीच नाही. पण आमचे आबा म्हणत, की कोणाच्या घरी सोयरीक करायची झाली तर वाड्याचा चिरा पाहू नये. दावणीचा बैल पाहावा आणि आढ्याला टांगलेली ताडपत्री पाहावी. बैल राखलेला असला नि ताडपत्री कोरडी असली, की पोरगी डोळे मिटून द्यावी!

नावावरून ही बाई आपल्याच ताडाच्या पानांची लेक वाटते. प्रत्यक्षात तिचे माहेर दर्यावर आहे. जहाजावरच्या वस्तू झाकायच्या जाड कापडाला इंग्रज खलाशी डांबर फाशीत. डांबराला त्यांच्या भाषेत ‘टार’ म्हणतात आणि आच्छादनाला ‘पॉल’. त्यातून ‘टारपॉलिन’ झाले. पुढे तर डांबरी कपडे घालणाऱ्या खलाशालाच ‘टार’ म्हणू लागले. हा शब्द आपल्याकडे आला आणि मराठी जिभेने त्याला सरळ ताडाचे पान करून टाकले.

आणि त्यात फारसे चुकलेही नाही. कोकणात पावसाळा तोंडावर आला, की होड्या वाळूवर ओढून घेतात आणि शाकारतात. पूर्वी हे शाकारणे माडाच्या झावळ्यांनी होई. आता बहुधा प्लास्टिकने होते. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. तेवढे दिवस होडी आपल्या पांघरुणाखाली पडून राहते. मग श्रावणी पौर्णिमेला कोळी समुद्राला नारळ देतात. त्याच पौर्णिमेला आमच्याकडे येडेश्वरीच्या डोंगरावर यात्रा भरते. समुद्र इथून शेकडो मैल लांब. आमच्या गावातल्या पुष्कळांनी होडी पाहिली ती पुस्तकातल्या चित्रात. पण होडीचे पांघरूण मात्र घरोघर!

ते आले ते रस्त्याने. सोलापूरहून धुळ्याकडे जाणारा हमरस्ता आणि बार्शीहून कळंबकडे जाणारी वाट आमच्या गावात एकमेकींना भेटतात. घाट चढून आलेल्या मालमोटारी इथे दम खात. क्लीनर पोरगा टपावर चढून दोर आवळी, आणि आम्ही मुले तोंड वर करून पाहत असू. त्याच्या दोन गोष्टी मला अजून आठवतात. मालाचा कोपरा जिथे कापडाला घासेल तिथे तो आधी गोणपाटाची घडी ठेवी. आणि मालाच्या मधोमध एखादे पोते उभे करून कापडाला पाठीचा कणा देई, म्हणजे पाणी दोन्ही अंगांनी निथळून जावे. सपाट ताणलेल्या ताडपत्रीला पाण्याचे पोट सुटते आणि त्या भाराने ती फाटते, हे शिकायला त्याला कुठल्या शाळेत जावे लागले नव्हते.

आमची ताडपत्री सुती होती. आबांनी ती १९८१ साली बार्शीहून आणली होती. वर्षभर तिला उसंत नसे. चैत्री पौर्णिमेची यात्रा आली, की तिच्या सावलीत कुंकवाचे नि रेवड्यांचे दुकान लागे. चुनखडी वेचून झाली, पालखी आमराईत गेली, की पाच दिवस दुकानही तिकडे. मृगात माळवद गळू लागले, की ती माळवदावर जाई. सुगीला ती कधी खाली अंथरायची, कधी वर पांघरायची. आईच्या लुगड्याला जेवढी कामे तेवढीच हिला.

एवढी कामे करून ती टिकली याचे कारण आबांची शिस्त. ओली ताडपत्री घडी घालायची नाही, हा त्यांच्या घराचा पहिला कायदा. रात्रीचे बारा वाजलेले असोत, अंगात कणकण असो, ती ओसरीतल्या दोरीवर पसरल्याशिवाय कोणी पाठ टेकायची नाही. ते म्हणत, “पावसानं ती मरत न्हाई रे. घडीत मरती.” यातले शास्त्र मला फार उशिरा कळले. कापसाचा तंतू हे बुरशीचे जेवण. तिला हवी असते ओल, ऊब आणि कोंडलेली हवा. ओल्या घडीत या तिन्ही गोष्टी आयत्या मिळतात. आठवड्याने घडी उघडावी तो काळे ठिपके नि कुबट वास. त्यानंतर कापड दिसायला धड असते, पण दोर ताणला की कागदासारखे टरकते.

दुसरा कायदा, पाऊस चालू असता आतून बोट लावायचे नाही. आम्हा पोरांना नेमका तोच मोह! सुती धागा पाणी पिऊन फुगतो, विणीतली छिद्रे बुजतात, आणि पाणी आपल्या पृष्ठताणाने वरच्या वर तोलून राहते. आतून बोट टेकले की तो तोल मोडतो आणि बोटाच्या जागी थेंब उतरू लागतो. एकदा लागलेली ती धार पाऊस थांबेपर्यंत थांबत नाही.

तिसरा कायदा मेणाचा. दर उन्हाळ्यात तिला झाडून, कोरड्या ब्रशाने घासून मेणाचा नि जवसाच्या तेलाचा पातळ हात मिळे. धुण्याचा सोडा तिच्या जवळ फिरकू द्यायचा नाही, कारण तो हा हातच धुऊन नेतो. तेल दिलेले कापड मात्र आबा दिवसेंदिवस उघड्यावर ठेवीत. जवसाचे तेल वाळताना तापते. ते पुरते वाळण्याआधी बोळा करून कोपऱ्यात टाकलेले कापड आपोआप पेटूही शकते.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. आदल्या दिवशीच गणपती बोळवलेले. आमच्या घरात मांडणीवरची भांडी वाजली आणि सारे गाव रस्त्यावर आले. उजाडल्यावर कळले, की किल्लारी गेली, आमच्याच जिल्ह्यातले सास्तूर गेले. माणसे गेली ती हजारांनी. जवळजवळ दहा हजार. जी वाचली त्यांना छप्पर नव्हते, आणि वरून पाऊस. आमच्या आळीतून भाकरी, कपडे घेऊन ट्रक निघाला. आबांनी आढ्यावरची ताडपत्री काढली, खांद्यावर घेतली नि ट्रकात ठेवली. रानात काढणीला आलेला मूग-उडीद होता, आभाळ भरलेले होते. आजी इतकेच म्हणाली, “अन् आपल्या राशीचं?” आबा म्हणाले, “राशीला सासू-सासरा, लेकरंबाळं नसत्यात.”

त्या वर्षी आमची निम्मी रास भिजली. ताडपत्री परत आली नाही आणि आबांनी तिची चौकशीही केली नाही. पण ती बारा वर्षे जपलेली होती म्हणून त्या रात्री कोणाच्या तरी डोक्यावर गळली नसेल, हे समाधान त्यांना शेवटपर्यंत होते. जपणूक आणि कंजुषी यांतला फरक मला त्यांनी असा दाखवला. चीज जपायची ती वेळेला देता यावी म्हणून. फाटकी ताडपत्री दान करून कोणाचे भले होत नाही.

आता सुती ताडपत्री दुर्मिळ. विणलेल्या प्लास्टिकची आली आहे. हलकी आणि स्वस्त. तिला बुरशीचे भय फारसे नाही, पण उन्हाचे आहे. सूर्यप्रकाशातले अतिनील किरण तिचे धागे ठिसूळ करतात. काळ्या रंगात काजळीचे कण असतात, ते हे किरण स्वतः शोषून घेतात. म्हणून काळी जास्त टिकते. काम नसले की तिला सावलीत न्यावे एवढेच तिचे मागणे. आणि जुना एक नियम तिलाही लागू आहे: सोयाबीनच्या गंजीवर ती घट्ट लपेटून चार दिवस तशीच ठेवली, तर आतला माल घामेजतो आणि बुरशी मालालाच लागते. पाऊस उघडला की तिचा पदर वर करावा, गंजीला श्वास घेऊ द्यावा.

दिवाळीच्या सुमारास आमच्या भागातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. पाच-सहा महिने त्यांचे घर म्हणजे कारखान्याच्या रानातली कोपी, आणि कोपीचे छप्पर म्हणजे ही ताडपत्री. परवा एका अंगणात एक बाई जायच्या आधी ती उन्हात पसरून फडक्याने पुशीत होती. पिवळ्या पट्टीने एक भोक बुजवलेले, कडीला नवा दोर. ट्रॅक्टरवाला घाई करीत होता. “थांब जरा, दादा,” ती म्हणाली, “खालची बाजू अजून दमट हाय.” तो थांबला, बिडी पेटवून उभा राहिला. खालची बाजू वाळेपर्यंत कोणाला निघता आले नाही.