मोलचा पाठ

बी.एड.च्या सराव पाठांच्या यादीत मोल आला की छात्राध्यापक डझनाकडे धावतात. डझनभर केळी, तसे मोलभर अणू; पस्तीस मिनिटांत पाठ सुरळीत. गेल्या वर्षी तुडीलची एक मुलगी मात्र मधेच थांबली. "सर, डझन मोजून घेतो, मोल वजन करून. मग मुलांना काय सांगू?" तास संपेपर्यंत गाडी पुढे सरकली नाही. निरीक्षणपत्रावर गुण गेले ते गेलेच. दिवाळीनंतर ती आली नाही.

तेव्हापासून मी वाल आणि तांदूळ घेऊन बसतो. एक वाल तांदळाच्या दाण्याच्या जितके पट जड, तितके पट वजनाची वालांची रास घेतली की दोन्हीकडे दाणे सारखेच. 12 ग्रॅम कार्बन आणि 1 ग्रॅम हायड्रोजन यांत अणू सारखे, ते असे. इथवर नववीच्या मुलांना पटतं. पण वालाचा दाणा तोलता येतो. एकही अणू न तोलता 12 ला 1 हे कळलं कसं? ॲव्होगाड्रोनं 1811 मध्ये सांगितलं, तापमान-दाब सारखे असले तर सारख्या आकारमानाच्या वायूंत रेणू सारखेच. म्हणजे सारख्या आकारमानाचे वायू तोलले की रेणूंच्या वजनांचं प्रमाण हाती येतं. हे रसायनशास्त्रज्ञांच्या गळी उतरायला 1860 ची कार्ल्सरूहची परिषद आणि कानित्झारो लागला. भलेभले अर्धं शतक अडले तिथेच ती अडली.

तिचा प्रश्न मी त्याच दिवशी फळ्यावर सोडवला होता. मागून 'वा सर' आलं, आणि बरं वाटलं. मोल माझ्यासारखा रायगडात कुणी शिकवत नाही, ही माझी जुनी घमेंड. क्लासवाले नुसतं सूत्र देतात, त्यांच्या मुलांना गुण पडतात, याचा मला रागच येतो.

अर्थात ती एका पाठापायी गेली नाही. 2015 पासून बी.एड. दोन वर्षांचं. मग शिक्षक अभियोग्यता चाचणी, भरतीचं पवित्र पोर्टल, आणि नोकरी लागलीच तर तीन वर्षं शिक्षणसेवक. माध्यमिकला महिन्याचं मानधन 2023 पूर्वी 8,000 रुपये, आता 18,000. इकडे महाडच्या एमआयडीसीत बी.एस्सी. केमिस्ट्रीला पहिल्या महिन्यापासून पगार. बोलू नये, पण रसायनशास्त्र ज्याला खरंच येतं, त्याला कारखाना आधी उचलतो.

तीही आता एका कारखान्यात क्यूसीला आहे. परत येशील का, मी फोनवर विचारलं. "तो प्रश्न सुटला का सर, मुलांना सांगण्यासारखा?"

नाही सुटला. वायूंच्या घनतेचा भाग नववीला झेपत नाही. तो गाळला तर 12 ला 1 हे मुलांनी नुसतं मान्य करायचं.