शून्याचं टोक

माझ्या टेबलाच्या खणात तीस मीटरची एक कापडी फीत आहे. चोरबाजारातून घेतली तेव्हाच ती जुनी होती. आता पहिल्या वीतभर लांबीवरचे आकडे पार पुसून गेलेत. तिथे एका माणसाचा अंगठा असायचा. मोजणी करताना फितीचं एक टोक आकडे वाचणाऱ्याच्या हातात असतं आणि दुसरं, शून्याचं, दुसऱ्या कुणाच्या तरी. शून्य धरणाऱ्याला काही वाचायचं नसतं, लिहायचं नसतं. फक्त हलायचं नसतं. १९८७ साली पावसाळा संपल्यावर तेरा रविवार नाशिकच्या देवळांमधून हे टोक आबांनी धरलं. कुणी सांगितलं नव्हतं, पैशाचा तर प्रश्नच नव्हता.

मी तेव्हा मुंबईत आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला होतो. एखादी जुनी वास्तू निवडायची, ती इंचाइंचानं मोजायची आणि तिचे नकाशे काढायचे, असं काम होतं. बरोबरच्या मुलांनी मुंबईतल्याच वास्तू घेतल्या, तीन-चार जणांचे गट केले. मी नाशिक घेतलं, कारण पंचवटीत मावशी राहायची. शनिवारी संध्याकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसनं जायचं, रविवारभर मोजायचं, सोमवारी सकाळी त्याच गाडीनं परत. जेवणाची, झोपायची सोय झाली. फितीचं दुसरं टोक कोण धरणार, हे मात्र सुचलंच नव्हतं.

ते पहिल्याच रविवारी कळलं. अहिल्याबाई होळकर पुलाजवळ सुंदरनारायणाचं देऊळ आहे, गंगाधर यशवंत चंद्रचूडांनी १७५६ साली बांधलेलं. नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात. तिकडून सुटलेल्या वाऱ्यात मी फितीचं टोक दगडाखाली ठेवायचा, पलीकडे पळत जायचा, फीत ताणायचा की दगड कलंडायचा. असं सात-आठ वेळा झालं असेल. पायरीवर औषधाची पिशवी मांडीवर घेऊन बसलेला एक म्हातारा हे सगळं बघत होता. पांढरा सदरा, पांढरी टोपी, खिशाला दोन पेनं. शेवटी ते उठले, फितीची कडी अंगठ्याखाली दाबून कोपऱ्यावर धरली आणि म्हणाले, "हं. बोल किती."

हेच आबा. नाशिकरोडच्या प्रेसमधून ते निवृत्त झाले होते. नाशकात नुसतं 'प्रेस' म्हटलं की पोस्टाची तिकिटं आणि स्टँप पेपर छापणारा तो सरकारी छापखाना, हे सांगावं लागत नाही. तिकिटांच्या तावांना भोकं पाडतात, त्या खात्यात आबांची नोकरी झाली. तिकिटाच्या कडेचे दाते सारखे पडलेत का, एखादं भोक बुजलंय का, हे बघण्यात तीसेक वर्षं गेलेली. दर रविवारी बायकोची औषधं घ्यायला ते रविवार कारंजावर यायचे. त्या दिवशी माझ्यापायी त्यांच्या तीन बस गेल्या. पुढच्या रविवारी मी पोचलो तेव्हा ते आधीच पायरीवर बसलेले होते.

त्यांना मोजण्याचं व्यसन होतं. देवळात शिरलं की आधी खांब मोजणार, मग पायऱ्या, मग छज्ज्याखालच्या नक्षीतल्या पाकळ्या. शिखराची उंची कशी घ्यायची यावर मी डोकं खाजवत होतो, तर म्हणाले, "थर मोज ना. खालच्या चार थरांची उंची घे, वरचे थर तसेच धर." मग स्वतःच डोळे बारीक करून मोजायला लागले आणि वर थर बारीक होत गेलेत हेही त्यांनीच पकडलं. दुसऱ्या रविवारी सुंदरनारायणाच्या मंडपाची डावी बाजू उजवीपेक्षा चार बोटं जास्त भरली. मी वहीत दोन्हीकडे सारखाच आकडा लिहिला. अठराव्या शतकातला गवंडी, एवढं चालायचंच, असं काहीतरी मी बोललो. आबांनी फीत सोडली नाही. "परत घे," म्हणाले. परत घेतलं, चार बोटं होतीच. "आता आहे तसं लिही. तू देऊळ सरळ करायला आलायस का?"

माझ्या धंद्यातलं अर्धं शिक्षण त्या वाक्यात झालं, हे मी पुढे वर्गात मुलांना नेहमी सांगत आलो. वाक्य कुणाचं, ते मात्र कधी सांगितलं नाही.

तिथून आम्ही खाली नदीवर, नारोशंकराच्या देवळात गेलो. खरं नाव रामेश्वर, १७४७ चं, पण बांधणाऱ्या नारोशंकर राजेबहाद्दरांचंच नाव चिकटून राहिलं. भोवती किल्ल्यासारखी भिंत, कोपऱ्यांवर छत्र्या आणि नदीकडच्या बाजूला ती घंटा. वसईच्या विजयानंतर पोर्तुगिजांकडून आलेली ही घंटा आता शंकरापुढे टांगलेली आहे. नाशकात तिचं दुसरं काम म्हणजे पूर मोजणं. आधी नदीपात्रातला दुतोंड्या मारुती: पाणी त्याच्या गुडघ्याला, कमरेला, छातीला, गळ्याला. त्याच्यावर गेलं की मग नारोशंकराच्या घंटेची गोष्ट निघते. १९६९ चा पूर आबांनी पाहिला होता. त्यांना ही पद्धत फार आवडायची. "मारुतीच्या छातीला पाणी म्हटलं की म्हातारीलाही कळतं. मीटर सांगितलं की कलेक्टरला कळतं," म्हणायचे. या देवळाला तीन रविवार लागले, कारण बाहेरून शिल्पं इतकी की आबा मोजता मोजता थांबायचे आणि एखाद्या दगडी हत्तीकडे तिकीट तपासावं तसे बघत बसायचे.

कपालेश्वराला नंदी नाही, हे त्यांनीच मला दाखवलं. रामकुंडासमोरच्या उंच पायऱ्या चढून गेलो आणि ते म्हणाले, "काय कमी आहे सांग." मला सांगता येईना. मग त्यांनी गोष्ट सांगितली. शंकराला ब्रह्महत्येचं पातक लागलं होतं, रामकुंडात स्नान कर म्हणून नंदीनं वाट दाखवली, तेव्हापासून इथे नंदी गुरू. आणि गुरूनं पुढ्यात कसं बसायचं? गोष्ट सांगताना ते रंगून जायचे. हात मात्र त्यांनी कुठल्याच देवळात जोडले नाहीत. चपला काढायचे, आत यायचे, टोक धरायचे. भद्रकालीच्या देवळाला शिखर नाही, त्याचे मी त्यांना आभार मानायला लावले, कारण थर मोजायचे वाचले. त्यावर मनापासून हसले.

दुसऱ्याच शनिवारी रात्री जेवताना मावशीनं विचारलं होतं, "कोण गृहस्थ रे ते? आडनाव काय म्हणालास?" मी विचारलं नव्हतं. उद्या विचारतो म्हणालो आणि खरंच विचारलं. आबांनी आडनाव सांगितलं, गाव सांगितलं, आणि सहज म्हणावं तसं "छप्पन्नला आम्ही नागपूरला होतो," एवढंही सांगितलं. मी घरी येऊन आडनाव सांगितलं. मावशी काही बोलली नाही. वाईट बाई नव्हती ती. मला रात्री अकराला गरम पोळी करून वाढायची. फक्त त्यानंतर तिनं "त्यांना एकदा चहाला घेऊन ये" हे वाक्य कधी उच्चारलं नाही, आणि मीही ते तिला सुचवलं नाही. विषय तिथेच मिटला. दोघांनाही ते सोयीचं होतं.

अकराव्या रविवारी काळारामाला आलो. मावशीचं घर तिथून दोन गल्ल्यांवर.

सरदार रंगराव ओढेकरांनी बांधलेलं हे देऊळ १७९२ च्या सुमारास पुरं झालं. दोन हजार माणसं बारा वर्षं राबली, तेवीस लाख रुपये लागले, असं सांगतात. काळा दगड, भोवती उंच तट, आतून ओवऱ्या, चार दिशांना चार दरवाजे. बाहेरचा तट आम्ही दोन तासांत मोजला. आबांचा अंगठा त्या दिवशी जरा जास्तच घट्ट होता. फीत सुटायची वेळ आली तरी ते सोडेनात. मग मी चपला काढल्या, आत निघालो. ते दरवाजाच्या बाहेर उभेच.

"बाहेरचं झालं," म्हणाले. "आतलं तुझं तू घे."

मला वाटलं, दमले. म्हटलं, थोडं बसू. तेव्हा त्यांनी सांगितलं. २ मार्च १९३० ला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली इथे सत्याग्रह सुरू झाला तेव्हा आबा सहा वर्षांचे होते. चारही दरवाजांसमोर तुकड्या बसल्या. त्यातल्या एका तुकडीत त्यांचे वडील. देवळाची दारं आतून बंद. त्या वर्षी रामनवमीला रथ ओढण्यावरून दगडफेक झाली, तेव्हा वडील भुवईला चिंधी बांधून घरी आले. पुढची चार-पाच वर्षं हे चालू राहिलं. १९३५ साली येवल्याला बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं, तेव्हाही वडील गर्दीत होते.

"आता कुणी अडवत नाही आबा," मी म्हणालो. "सत्तेचाळीसलाच कायदा झालाय."

"ठाऊक आहे ना. बापालाही ठाऊक होतं. उघडल्यावर लोक म्हणाले, चला. तो म्हणाला, मला आत कुठं जायचं होतं? मला दार उघडायला पाहिजे होतं." मग पिशवीतून भाकरी काढत म्हणाले, "तू जा. ऊन चढेल."

मी आत गेलो. एका हातानं मोजायचा प्रयत्न केला. टोक ओवरीच्या खांबाला सुतळीनं बांधलं, दगड ठेवले, एका लहान मुलाला पेढा देऊन धरायला लावलं तर तो पळून गेला. तासाभरानं घामाघूम होऊन बाहेर आलो तर आबा तटाच्या सावलीत बसलेले, भाकरी अजून फडक्यातच. मी आल्यावर खायची म्हणून थांबले होते. मावशीकडे माझं पान वाढलेलं असणार.

"मावशीकडे पाहुणे आलेत," मी म्हणालो. "मला जावं लागेल."

"जा की. जेवून ये. मी आहे इथंच."

पाहुणे कुणी नव्हते. वरण-भात, बटाट्याची भाजी, कोशिंबीर. मी जेवलो आणि परत आलो, तर ते तिथेच होते, आणि उत्तरेकडच्या दरवाजाच्या पायऱ्या मोजून त्यांनी एका औषधाच्या चिठ्ठीमागे लिहून ठेवल्या होत्या. उरलेले दोन रविवार आम्ही आधीच्या देवळांतली राहिलेली मापं घेतली. काळारामाच्या आतली मापं मी पावलांनी मोजली आणि नकाशात ती तुटक रेषांनी काढली. तुटक रेषा म्हणजे माप घेतलेलं नाही, अंदाज आहे, हा आमच्या धंद्यातला संकेत.

एप्रिलमध्ये काम पास झालं. शाबासकीही मिळाली, विशेषतः सुंदरनारायणाच्या त्या चार बोटांच्या फरकाबद्दल. (पुढे त्या देवळाचं झिजलेलं शिखर उतरवून पुन्हा बांधायला घेतलं, तेव्हा आबांनी मोजलेले थर माझ्या कागदावर होते, याचं मला जे बरं वाटलं त्यात माझा वाटा थोडाच होता.) प्रत्येक नकाशाच्या खाली उजवीकडे एक चौकट असते: वास्तूचं नाव, प्रमाण, तारीख, मापं घेणाऱ्याचं नाव. सगळ्या चौकटींत एकच नाव होतं, माझं.

हे माझ्या ध्यानात आलं ते अमोनियाच्या प्रिंटची गुंडाळी घेऊन नाशिकरोडला त्यांच्या घरी गेलो तेव्हा. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, खाटेवर आबांच्या पत्नी, कोपऱ्यात औषधांच्या बाटल्या. आबांनी जमिनीवर प्रिंट पसरले, चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या आणि भिंग काढलं. अमोनियाचा वास खोलीभर. एकेक नकाशा ते वरून खाली बघत गेले. नारोशंकराच्या छत्रीत एक पाकळी कमी काढलीय, हे सांगितलं. भिंग उजव्या कोपऱ्यातल्या चौकटीवर आलं, तिथे थोडं थांबलं आणि पुढे गेलं. मी खाली बघत होतो.

काळारामाच्या नकाशावर आले. "हे आतलं सगळं तुटक का रे?"

"टोक धरायला कुणी नव्हतं."

"हां," म्हणाले, आणि भिंग पुसून डबीत ठेवलं. त्यांच्या पत्नी उठायला लागल्या तर त्यांनी हातानंच बसा म्हटलं, स्वतः आत जाऊन चहा केला. दोन कप भरून आणले, माझा माझ्यापुढे ठेवला. मी उचलला, एक घोट घेतला. ते माझ्याकडेच बघत होते.

मग म्हणाले, "मावशी बऱ्या आहेत ना?"