जिन्यांना रस्ता म्हणणारं शहर
(पिट्सबर्गची दैनंदिनी : भाग ३)

सोमवार, डॉरमॉन्ट

भाची कामावर जाताना बजावून गेली, "मावशी, नकाशात दहा मिनिटं दिसली तरी अर्धा तास धर." पोटोमॅक अव्हेन्यू मागे टाकली आणि तिचं म्हणणं पटलं. इथे रस्त्याच्या वरच्या अंगाच्या घराला दारापर्यंत जिना, आणि समोरचं घर इतकं खाली की त्याचं छप्पर डोळ्यांसमोर येतं. एक पोस्टमनबाई खांद्याला थैली अडकवून प्रत्येक दाराचा जिना चढत-उतरत होत्या. त्यांच्या पोटऱ्या पाहून मी निमूट चालू लागले.

शेजारच्या बीचव्ह्यूत ट्राम भर रस्त्यातून जाते. तिला सगळे नुसतं 'टी' म्हणतात. मला पाहायची होती ती कॅन्टन अव्हेन्यू. चढ ३७ टक्के, म्हणजे शंभर फूट पुढे गेलात की सदतीस फूट वर. एवढा उभा तुकडा अगदी छोटा आहे, पण पायथ्याशी उभं राहिलं की रस्ता अंगावर येतो. डांबर नाही, दगडी चिरे. चिऱ्यांच्या फटींत शेवाळ. कडेचा पदपथ म्हणजे सरळ जिनाच. जगातल्या सर्वांत उभ्या रस्त्याचा गिनेसचा मान न्यूझीलंडमधल्या डनेडिनच्या बाल्डविन स्ट्रीटला आहे, तिचा चढ ३५ टक्क्यांच्या आसपास. हा विषय इथे काढू नये.

नोव्हेंबरच्या अखेरीला 'डर्टी डझन' नावाची सायकल शर्यत याच चढावरून जाते. १९८३ पासून चालू आहे. नावात डझन, प्रत्यक्षात चढ तेरा. पाय जमिनीला टेकला की पुन्हा पायथ्यापासून सुरुवात. हौसेला मोल नाही हेच खरं.

मंगळवार

दिवसभर पाऊस. पायऱ्यांवर ओली पानं, माझे गुडघे साठीचे. घरीच बसले.

बुधवार, साउथ साइड स्लोप्स

आज खरा खजिना. या शहरात सुमारे ८०० सार्वजनिक जिने आहेत आणि त्यांतले कितीतरी कागदोपत्री रस्ते आहेत. कोपऱ्यावर रीतसर रस्त्याच्या नावाची पाटी, आणि वळून पाहावं तर काँक्रीटच्या पायऱ्या झाडीत शिरलेल्या. यार्ड वे तशीच. नकाशात ती सरळ रेघ दिसते, म्हणून मोटारीला वाट दाखवणारं यंत्र पूर्वी इथे फसत असेल, असं मला उगाच वाटलं.

पर्वती चढण्याची सवय इथे कामाला येत नाही. तिथल्या पायऱ्या ऐसपैस, दम खात, गप्पा मारत चढायच्या. या अरुंद, एका वेळी एकाच माणसाच्या, आणि कठडा म्हणजे लोखंडी नळ्या. नळीवरचा रंग हाताच्या उंचीला घासून गेलाय, खालून गंज दिसतो. काही जिने कडा ढासळल्यामुळे नगरपालिकेने अडसर लावून बंद केलेत.

हे जिने हौसेने बांधलेले नाहीत. खाली मोनोंगाहेला नदीकाठी जोन्स अँड लॉफलिनचा पोलाद कारखाना होता. सपाट जमीन कारखान्यांनी आणि रेल्वेने घेतली. जर्मन, पोलिश, लिथुआनियन कामगारांच्या वाट्याला डोंगरउतार आला. पाळीला उतरायचं, पाळी संपली की थकल्या अंगाने तेवढंच चढायचं. १९८० च्या दशकात भट्ट्या विझल्या. आता तिथे दुकानं आणि उपाहारगृहं आहेत. पायऱ्यांवर मला भेटले ते कुत्रं फिरवणारे दोघं आणि माझ्यासारखे हौशी. 'चालण्यासाठी आदर्श शहर' अशी जाहिरात वाचली तेव्हा त्या पाळीवाल्यांची आठवण कोणी ठेवली नाही, याचा जरा राग आला.

गुरुवार, माउंट वॉशिंग्टन

वर जायला मोनोंगाहेला इन्क्लाइन घेतली. रुळांवरून दोराने ओढला जाणारा डबा, १८७० पासूनचा. एकेकाळी अशा डझनाहून जास्त होत्या, आता दोन. दुसरी ड्यूकेन, १८७७ ची. ती १९६२ मध्ये बंद पडली, तेव्हा आसपासच्या रहिवाशांनी पैसे जमवून पुढच्याच वर्षी सुरू केली.

या डोंगराचं जुनं नाव कोल हिल. कोळसा इथूनच खणायचे. कठड्याशी उभी राहिले तेव्हा एक गोष्ट लक्षात आली: समोरच्या साऱ्या टेकड्यांचे माथे जवळजवळ एकाच उंचीला आहेत. मुळात हे पठार. नद्या-ओढ्यांनी ते कोरत नेलं. म्हणजे चढ उभे राहिलेले नाहीत, दऱ्या खाली गेल्यात. गुडघ्यांना अर्थात दोन्ही सारखंच.

उद्या पोलिश हिल. भाचीने रजा टाकली आहे.