घरातले मांजर, घरातच

मांजर पाळायचे म्हणजे नेमके काय करायचे, असे आमच्या आधीच्या पिढीला कोणी विचारले असते तर त्यांना तो प्रश्नच कळला नसता. दांडिया बाजारातल्या वाड्यात मांजर पाळले जात नसे, ते असे. जिन्याखाली व्यायचे, दुधाच्या वेळी हजर व्हायचे, दुपारभर कौलांवर पडून राहायचे आणि रात्री कुठे जायचे ते त्याचे त्यालाच ठाऊक. शिंके तुटले की बोक्याचे फावायचे. मग एखाद्या पावसाळ्यानंतर ते दिसेनासे होई आणि दुसरे येई. त्याचे फारसे दुःखही कोणी करत नसे. दहा-बारा वर्षांचे म्हातारे मांजर वाड्यात कोणी पाहिल्याचे आठवत नाही.

आता आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. खाली रात्री बारापर्यंत वाहने आणि बारानंतर कुत्री. गुंड्या २०१६ साली आमच्याकडे आला तेव्हा तो दोन महिन्यांचा होता, आणि तो घरातच राहील हे त्याच दिवशी ठरले. घरात विरोध झाला तो आजींचा. "फिरत्या जनावराला कोंडून ठेवायचे हे पाप आहे," असे त्या स्पष्ट म्हणाल्या. आम्हाला आजही वाटते की त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. मांजराचे अंगण, कौले, उंदीर आणि भांडणे आपण काढून घेतो. त्याच्या बदल्यात घरात काय देतो, हा खरा प्रश्न आहे. सुरक्षित आहे एवढ्यावर मांजर सुखी होत नाही.

सगळ्यात अवघड गेले ते जेवण. आमचे घर शाकाहारी, सोसायटीही बहुतेक शाकाहारी. दूध-पोळी, दहीभात, फार तर तुपाचा हात लावलेली भाकरी, हे वाड्यातल्या मांजराचे अन्न, आणि त्यावर ती जगत असे आम्ही सगळेच धरून चाललो होतो. पशुवैद्यांनी पहिल्याच भेटीत समजावले की ती त्यावर जगत नव्हती. ती दूध-पोळी खाऊन मग बाहेर उंदीर, पाली, चिमण्या आणि टोळ मारून पोट भरत होती. आपण पाहत होतो ती फक्त न्याहारी. तिसऱ्या मजल्यावर कोंडलेल्या मांजराला ही सोय नाही.

मांजर हा सक्तीचा मांसाहारी प्राणी आहे. टॉरिन नावाचा एक पदार्थ त्याच्या शरीरात पुरेसा तयार होत नाही आणि तो निसर्गतः मिळतो तो प्राणिज अन्नातून. टॉरिन कमी पडले तर मांजराच्या डोळ्यांचा पडदा झिजतो, हे १९७५ साली संशोधकांनी दाखवले. १९८७ साली कळले की त्याच कमतरतेने हृदयाचा स्नायूही पातळ आणि दुबळा होतो. त्यानंतर तयार खाद्यांत टॉरिन वाढवले गेले आणि मांजरांचा तो हृदयरोग खूपच कमी झाला. गाजरातल्या केरोटीनपासून माणूस जीवनसत्त्व अ बनवतो, मांजराला ते जमत नाही. शाळेतल्या मुलांना गंमत वाटेल अशी आणखी एक गोष्ट म्हणजे मांजराला गोड चव कळतच नाही. ती चव ओळखणारे त्याचे एक जनुक निकामी आहे, हे २००५ साली सिद्ध झाले. श्रीखंडाच्या वाटीशी घुटमळणारा बोका गोडासाठी तिथे आलेला नसतो.

दुधाचेही तसेच. पिल्लू मोठे झाले की दुधातली साखर पचवण्याची त्याची शक्ती बहुधा कमी होते. मग आपण प्रेमाने वाटी भरतो आणि दुसऱ्या दिवशी हगवण निस्तरत बसतो.

आता शाकाहारी घराने काय करावे? आमच्याकडे यावर आठवडाभर चर्चा झाली. आपल्या धर्मासाठी मांजराला आंधळे करायचे का, असे धाकटीने विचारले तेव्हा आजोबा तिच्यावर रागावले, पण पुढे बोलले नाहीत. शेवटी तोडगा आजींनीच काढला. गुंड्याचे कोरडे खाद्य आणि पाकिटे बाल्कनीतल्या लहान कपाटात राहतील, त्याचा चमचा आणि ताटली वेगळी, ती धुवायची बाहेरच्या नळावर, आणि त्यातले काहीही स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडणार नाही. हा नियम आजही पाळला जातो. ज्यांना हेही मान्य होत नसेल त्यांनी मांजर आणूच नये, असे आमचे मत आहे. ससा पाळावा, तो सुखाने पालेभाजी खातो.

खाद्य बदलायचे ते सात ते दहा दिवसांत, जुन्यात नवे थोडे थोडे मिसळून. "भूक लागली की खाईल" हा हिशेब मुलांच्या बाबतीत चालत असेल, मांजराच्या बाबतीत चालत नाही. मांजर, विशेषतः लठ्ठ मांजर, दोन-तीन दिवस उपाशी राहिले तर शरीरातली चरबी यकृतात साठून जिवावर बेतते.

पाण्याची गोष्ट मात्र जरा सविस्तर सांगायला हवी, कारण तिच्यापायी गुंड्या जवळजवळ गेला होता. मांजरे मुळात पश्चिम आशिया आणि उत्तर आफ्रिकेतल्या कोरड्या मुलखातल्या रानमांजरांची वंशज. पाणी कमी प्यायचे आणि शिकारीच्या मांसातूनच ओल मिळवायची ही त्यांची जुनी सवय. २०१९ च्या मे महिन्यात, वडोदऱ्याचा पारा चाळिशीच्या वर असताना, धाकटी म्हणाली की गुंड्या सकाळपासून चार वेळा रेतीच्या तसराळ्यात जाऊन बसला आणि रेती कोरडीच आहे. मोठ्यांपैकी कोणाला वाटले बद्धकोष्ठ असेल. संध्याकाळी तो कण्हू लागला आणि पोटाला हात लावू देईना. पशुवैद्यांनी पोट दाबून पाहताच सांगितले की लघवी अडली आहे. बोक्याचा मूत्रमार्ग अतिशय अरुंद असतो. त्यात खड्यांचा चुरा किंवा चिकट गुठळी अडकली की मूत्राशय फुगते, रक्तातले पोटॅशियम वाढते आणि एक-दोन दिवसांत हृदय थांबू शकते. त्यांनी भूल देऊन नळी घातली, सलाईन लावले. तीन दिवस तो तिथे होता. त्या तीन दिवसांत आजी बाल्कनीतल्या कपाटावरची धूळ रोज पुसत होत्या, आणि त्याबद्दल कोणी काही बोलले नाही.

बोका तसराळ्यात वारंवार बसतो आणि लघवी होत नाही, एवढे दिसले की रात्र असो वा सणाचा दिवस, त्याच वेळी निघायचे. उद्या बघू म्हणायचे नाही. त्यानंतर आमच्याकडे ओले खाद्य वाढले, पाण्याची भांडी एकाची चार झाली, आणि ती जेवणापासून लांब ठेवतो. रुंद, पसरट भांडे त्याला आवडते. स्टीलच्या पेल्याकडे तो ढुंकूनही पाहत नाही.

तसराळ्याविषयी थोडे. एका मांजराला दोन असावीत, म्हणजे जितकी मांजरे त्याहून एक जास्त. ती शांत जागी ठेवावीत, वॉशिंग मशीनच्या शेजारी नको. ओली झाली की गोळा होणारी जी मातीची रेती मिळते ती बेंटोनाइटची, आणि बेंटोनाइट आपल्याच कच्छात निघते. घाण रोज काढावी. मांजराच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मा नावाचा जंतू जाऊ शकतो, पण तो बाहेर पडल्यावर बाधक व्हायला एक ते पाच दिवस लागतात. रोज साफ केले तर धोका पुष्कळ कमी. घरात कोणी गरोदर असेल तर हे काम दुसऱ्याने करावे. त्यासाठी मांजर घराबाहेर काढण्याची काही गरज नाही. नात्यातल्या एका घरी तसे केले गेले, आणि ते आम्हाला अजून खटकते.

मांजर चार पायांवर पडते, त्याला काही होत नाही, हे आपण सगळ्यांनी ऐकले आहे. न्यूयॉर्कच्या एका पशुरुग्णालयात उंचावरून पडलेल्या १३२ मांजरांची नोंद १९८७ साली प्रसिद्ध झाली. उपचार केलेल्यांपैकी सुमारे ९० टक्के वाचली, म्हणून त्या म्हणीला जोर आला. पण त्या मांजरांच्या छाती फुटल्या होत्या, जबडे मोडले होते, पाय मोडले होते, आणि जी जागीच मेली ती कोणी रुग्णालयात आणली नसणार. डासांची जाळी मांजर नखांनी सहज फाडते. बाल्कनीला कबुतरांसाठी लावतात ती मजबूत जाळी, कडांना हुक जवळजवळ मारून, लावून घ्यावी. आमच्याकडे ती लागल्यावर तिथे एक जुने स्टूल ठेवले. आता गुंड्या तिथे बसून खारी, कबुतरे आणि समोरचे पिंपळाचे झाड पाहतो. आजींची खुर्चीही हळूहळू तिथेच गेली आहे.

मांजराला जमिनीपेक्षा उंची प्यारी. नवी महाग झाडे विकत मिळतात, पण माळ्यापर्यंत पायरी-पायरीने जाता येईल अशा तीन फळ्या सुताराने ठोकून दिल्या की पुरते. नखांसाठी एका लाकडी खांबाला सुतळी घट्ट गुंडाळावी. तो खांब मांजर अंग ताणून उभे राहील इतका उंच हवा, नाहीतर ते सोफ्याकडेच वळते. पुठ्ठ्याचे खोके कधी फेकू नये. नेदरलँड्समधल्या एका निवाऱ्यात नव्या मांजरांना लपायला खोकी दिली तेव्हा ती लवकर निवळली, असे २०१४ सालच्या अभ्यासात दिसले. पाहुणे आले की गुंड्या कुठे असतो हे शोधायला आम्हाला अभ्यासाची गरज पडली नाही.

खेळ रोज दोनदा, दहा-दहा मिनिटे, पहाटे आणि दिवेलागणीला, कारण शिकारीच्या त्याच वेळा. काठीला चिंधी बांधून ती पळवायची, थांबवायची, कपाटामागे लपवायची. शेवटी त्याला ती पकडू द्यायची आणि लगेच जेवण घालायचे. टपणे, झेपावणे, पकडणे, खाणे हा क्रम पुरा झाला की तो स्वतःला चाटतो आणि झोपतो. हे सुरू केल्यापासून पहाटे चारला आमच्या पायांवर होणारे हल्ले थांबले. आमच्याकडे हे काम मुलांचे आहे, आणि परीक्षेच्या दिवसांतही ते कोणी टाळत नाही, हे पालकांनी विशेष लक्षात घ्यावे.

चिंधी ठीक, दोरा नको. मांजराच्या जिभेवरचे काटे घशाकडे वळलेले असतात, त्यामुळे तोंडात गेलेला दोरा त्याला थुंकता येत नाही, तो आत आतच जातो आणि आतडे चुण्या पडून कापले जाते. गजऱ्याचा दोरा, राखी, लोकर, सुई-दोरा, सगळे डब्यात बंद. दोऱ्याचे टोक बाहेर दिसले तरी ओढू नये, थेट पशुवैद्यांकडे न्यावे. आपल्या गावात तर उत्तरायण येते. २०१७ साली राष्ट्रीय हरित लवादाने नायलॉनच्या मांज्यावर देशभर बंदी घातली, तरी १४ आणि १५ जानेवारीला अगाशीवरून आणि बाल्कनीत काय काय लोंबते ते आपण जाणतोच. ते दोन दिवस गुंड्या आतल्या खोलीत असतो. दिवाळीतही तिथेच.

आपल्या घरांतल्या काही रोजच्या वस्तू मांजराला विष आहेत. फिनेलने पुसलेल्या फरशीवरून चालून ते पंजे चाटते, आणि तसली द्रव्ये त्याच्या यकृताला नीट निकामी करता येत नाहीत. कपाटातल्या डांबराच्या गोळ्या, कांदा-लसूण, कुत्र्यांसाठीचे परमेथ्रिन असलेले गोचिडांचे औषध, हेही दूर ठेवावे. पॅरासिटामॉल तर कधीही, अर्धी गोळीसुद्धा, देऊ नये. लिलीची फुले पुष्पगुच्छातून घरात येतात. तिचे पराग चाटले तरी मांजराची मूत्रपिंडे बंद पडू शकतात. शाळेच्या संमेलनात मिळालेला गुच्छ आम्ही आता शेजारी देऊन टाकतो.

घरातल्या मांजराला लस कशाला, असे पुष्कळ जण विचारतात. दार उघडे राहते, वटवाघूळ आत येते, आणि आपल्या बुटांवरूनही रोग येतात. रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात आणि पुढे पशुवैद्य सांगतील तशी, शिवाय मांजरांच्या तीन रोगांची एकत्र लस. पाचव्या-सहाव्या महिन्यात शस्त्रक्रिया करून घ्यावी, म्हणजे बोका भिंतींवर फवारे मारत नाही आणि दारापाशी रात्रभर रडत नाही. लस न टोचलेले अनोळखी मांजर चावले किंवा ओरबाडले तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. मुलांनी हे घरी लपवू नये, कोणी रागावणार नाही.

राहिला प्रश्न लग्नकार्याचा. पुण्याला चार दिवस जायचे तर गुंड्याला बरोबर नेत नाही. मांजराला माणसांइतकीच जागेची ओढ असते, त्याला स्वतःच्या घरात ठेवलेले बरे. समोरच्या घरातल्या काकी, ज्या कट्टर शाकाहारी आहेत, दोन वेळा येऊन ती पाकिटे फोडतात. पहिल्या वेळी त्यांनी नाकाला पदर लावला होता. यंदा मुंजीला आम्ही निघालो तेव्हा त्यांनी विचारले, की पाण्याची भांडी चारच ठेवायची का, ऊन फार आहे, पाचवे ठेवू?